सिद्दींचा इतिहास लिहिताना ‘मायदेशी परत पाठवण्यात आले’ हे वाक्य कसे तपासावे

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या, वस्तीवर प्रकल्प करणारे विद्यार्थी बहुधा पहिल्याच प्रश्नात चुकतात: ‘तुम्ही आफ्रिकेतून कधी आलात?’ ज्या आजींचे आजोबाही इथल्याच रानात वाढले, त्यांना हा प्रश्न दारातच परके ठरवतो. त्याऐवजी ‘आजोबांचे घर कोणत्या गावात होते, तिथून का हलले?’ असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवावे.

दुसरी खबरदारी अशी की, दोन वेगळे इतिहास एकत्र कालवू नयेत. आपल्या भागातील सिद्दींचे बरेच पूर्वज पोर्तुगीज गोव्यातील गुलामीतून निसटून घाटावरच्या जंगलात शिरले. नाशिकची कथा निराळी आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे नाशिकजवळच्या शरणपूर येथील ख्रिस्ती मिशनच्या आश्रमात ठेवली जात. तेथे त्यांना नवी नावे मिळत आणि सुतारकी, लोहारकी शिकवली जाई. पुढे १८७५ च्या सुमारास त्यांच्यापैकी अनेकांना पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या केनियातील मोंबासाजवळ नव्याने वसवलेल्या फ्रिअरटाउनला नेण्यात आले. या वसाहतीचे नावच मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडले होते.

आता व्याकरण कामी येते. या नेण्याला ‘मायदेशी परत पाठवण्यात आले’ म्हटले, तर त्या वाक्यात कर्ता नाही. सरकारी कागदांना असली वाक्ये फार सोयीची. कर्ता शोधून वाक्य पुन्हा लिहावे: ‘मिशनने शरणपुरातील तरुणांना मोंबासाला नेले.’ लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: त्यांतील अनेकांचा जन्म मोंबासापासून खूप दक्षिणेकडे, न्यासा (आजच्या मलावी) सरोवराच्या आसपासचा, तर मोंबासा हे ‘परत’ कसे? फ्रिअरटाउनमध्येही पगार आणि अधिकार यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडालेच.

हीच पद्धत इंग्लंडलाही लावून पाहावी. ५ जून १९१९ रोजी लिव्हरपूलमध्ये गोऱ्या जमावाने पाठलाग केलेला चार्ल्स वूटन हा कृष्णवर्णीय खलाशी गोदीत बुडून मेला. त्या वर्षी कार्डिफसह अनेक बंदरांत दंगली झाल्या, आणि सरकारने कृष्णवर्णीय खलाशांना वसाहतींत परत धाडण्याची योजना पुढे रेटली. मार खाणाऱ्यालाच परतीच्या जहाजाची वाट दाखवली गेली, आणि कागदावर मात्र शब्द राहिला ‘परतपाठवणी’.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने ठेवावेत: कोणी पाठवले, कुठे पाठवले, जाणाऱ्याला विचारले होते का. तिसरा रकाना पुष्कळदा कोराच राहील. तो अंदाजाने भरू नये. आजींनी सांगितलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्यांनी ‘असं नव्हे’ म्हटले तर त्यांच्यासमोरच खोडून दुरुस्त करावे.