हाक मारली की कुत्रं परत आलं पाहिजे: हे शिकवायचं कसं

'बस', 'झोप', 'शेकहँड' ही कामं बहुतेक कुत्री आठवड्याभरात शिकतात आणि पाहुणे खूश होतात. पण हातातून पट्टा निसटला आणि कुत्रं सोसायटीच्या गेटबाहेर पळालं, तर त्या क्षणी शेकहँडचा काही उपयोग नाही. तिथे एकच शिकवण त्याचा जीव वाचवते: हाक ऐकली की समोर असेल ते सोडून तुमच्याकडे धावत येणं. घरात आलेलं कुत्रं लॅब्राडोर असो की रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी पिल्लू, मी सगळ्यात आधी हेच शिकवते. आणि याच बाबतीत लोकांना सगळ्यात वाईट सल्ले मिळताना बघते.

लसीकरण, पट्ट्याची सवय, शू-शीची शिस्त हे सगळं झालंय असं धरून पुढे जाऊ.

काय लागेल

पाठीवर कडी असलेला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि हार्डवेअरच्या दुकानातली साधारण १० मीटर नायलॉनची दोरी. एका टोकाला चांगली कडी लावून घ्या. दुसऱ्या टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका, ती झुडपात आणि बाकाच्या पायात अडकते. गुंडाळी होणारा डबीतला पट्टा या कामाला नको, कारण त्याचा ताण कुत्र्याला सतत जाणवत राहतो.

खाऊ मात्र भारी हवा. उकडलेलं चिकन किंवा कलेजी, मांसाहार होत नसेल त्या घरात पनीर. तुकडे हरभऱ्याएवढे. ग्लुकोजचं बिस्किट रोज मिळतं, त्यासाठी कुठलंही कुत्रं मांजराचा पाठलाग सोडणार नाही. रश्श्यातले तुकडे देऊ नका, कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी असतात. बेदाणे आणि द्राक्षंही तशीच.

हाक ठरवा

'ये' नको. आपल्या घरात तो शब्द दिवसभर कोणाला ना कोणाला उद्देशून चाललेला असतो. कुत्र्याचं नावही नको. ते आपण लाडात घेतो, रागात घेतो, त्याच्याबद्दल गप्पा मारतानाही घेतो. गावाकडचं 'यू-यू' छान लांब ऐकू जातं, पण तुमच्या गल्लीत भटक्या कुत्र्यांना कोणी तसंच बोलावून खायला घालत असेल, तर पाच-सहा कुत्री तुमच्याभोवती जमतील. अशा वेळी शिट्टी घ्या. शिट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्यात तुमचा राग ऐकू येत नाही. जे ठरेल तेच आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी वापरायचं.

घरात

हाक, लगेच खाऊ. आधी एकाच खोलीत, मग दुसऱ्या खोलीतून, मग दोघांनी आळीपाळीने. हाक आधी आणि खिशाकडे हात नंतर, हा क्रम उलटला की कुत्रं हाकेऐवजी हात बघायला शिकतं. कानावर हाक पडताच ते ताडकन उठायला लागलं की पुढे चला.

गळपट्ट्याला हात

बरीच कुत्री धावत येतात आणि हाताच्या अंतरावर येऊन बगल देतात. पळापळीचा खेळ सुरू होतो, माणूस घामाघूम. म्हणून घरातच सवय लावा: कुत्रं आलं की एका हाताने गळपट्टा धरायचा, दुसऱ्या हाताने खाऊ द्यायचा, मग सोडून द्यायचं. आधी धरणं, मग खाऊ. हात वरून डोक्यावर आणू नका, हनुवटीच्या खालून न्या.

बाहेर

इथे माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली आहे, आणि बहुतेक लोक याच टप्प्यावर सोडून देतात. "घरात सगळं येतं हो त्याला, बाहेर मुद्दाम ऐकत नाही." मुद्दाम काही नसतं. घरी पाढे घडाघडा म्हणणारं मूल भरल्या वर्गात उभं केलं की अडखळतं, तसंच हे आहे. हॉलमध्ये शिकलेली हाक मैदानावरही तीच असते, हे कुत्र्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक नव्या जागी ती पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून शिकवावी लागते. त्यात बाहेर तुमची स्पर्धा असते मटणाच्या दुकानामागच्या वासाशी, खारीशी, समोरच्या गल्लीतल्या टोळीशी.

म्हणून सुरुवात कंटाळवाण्या जागेपासून करा. आधी इमारतीचा जिना, मग रिकामं पार्किंग, मग पहाटेची बाग, आणि सर्वांत शेवटी लोक आणि कुत्री असलेलं मैदान. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा, नंतर फरशी आणि डांबर पंजे भाजतात. दोरी नेहमी हार्नेसला लावा, गळपट्ट्याला कधीच नाही. १० मीटर धावत गेलेलं कुत्रं दोरी संपल्यावर मानेला हिसका बसून थांबलं, तर इजा होऊ शकते. दोरी तळहाताला गुंडाळू नका, जमिनीवर सोडून तिच्यावर पाय ठेवायची तयारी ठेवा.

आता मी अजिबात तडजोड करत नाही ते नियम.

हाक एकदाच मारायची. "मोती, मोती, अरे मोती ये ना, मोतीऽऽ" असं पाच वेळा ओरडलात, तर कुत्रं एवढंच शिकतं की पहिल्या चार हाकांना काही अर्थ नसतो. ते येणारच नाही अशी तुम्हालाच शंका असेल, तर हाक मारूच नका. ते एखाद्या बेंचखाली नाक खुपसून बसलं असेल, तर ते डोकं वर काढेपर्यंत थांबा आणि मग बोलवा.

हाक मारूनही आलं नाही, तर दोरी खेचून आणू नका. ओढत आणलेलं कुत्रं आलेलं नसतं, आणलेलं असतं, आणि त्यातून ते काही शिकत नाही. दोरी हातात घेत घेत शांतपणे त्याच्यापर्यंत चालत जा, त्याला त्या वासापासून दूर घेऊन जा आणि जिथे ते तुमच्याकडे बघू शकेल तिथून पुन्हा सुरू करा. ते ऐकत नाही याचा अर्थ एवढाच, की आमिष फार जवळ होतं. दुसऱ्या कुत्र्यापासून ३० मीटरवर जमत असेल, तर आज ३० मीटरवरच थांबा. उद्या २५.

आल्यावर दर वेळी पट्टा अडकवून घरी नेऊ नका. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे आणि सगळ्यात जास्त मोडला जातो. लोक कुत्र्याला तासभर मोकळं खेळू देतात आणि घरी निघायच्या वेळी पहिल्यांदा हाक मारतात. कुत्रं आठवड्याभरात शिकतं, हाक म्हणजे मजा संपली. आंघोळीला, नखं कापायला, औषध द्यायला त्याच हाकेने बोलावलंत, तर तेच होतं. अशा कामांसाठी आपण उठून त्याच्याजवळ जायचं. मैदानावर दहातल्या नऊ हाकांनंतर गळपट्टा धरा, खाऊ द्या आणि "जा" म्हणून पुन्हा सोडा. 'जा' हे बक्षीस खाऊपेक्षा मोठं असतं. तीच खार, तोच वास हुंगायला परत मिळतो, तेही तुमच्याकडे येऊन गेल्यामुळे.

कुत्रं निघालं की ताठ उभं राहून वाट बघू नका. उलट्या दिशेने चार पावलं पळा, टाळ्या वाजवा, बाजूला वळून उकिडवे बसा. त्याच्या मागे पळालात तर ते पुढे पळणार. तुम्ही पळालात तर ते तुमच्यामागे येणार. आल्यावर एक मोठा तुकडा देण्यापेक्षा सात-आठ छोटे एकामागून एक द्या, म्हणजे ते तुमच्याजवळ थोडा वेळ टिकतं.

उशिरा आलं तरी रागावू नका. दहा मिनिटं दमवून शेवटी आलेल्या कुत्र्याला चापट मारणारे लोक मी रोज बघते, आणि मला त्या कुत्र्याची दया येते. चापट बसली त्या क्षणी कुत्रं काय करत होतं? तुमच्याकडे आलं होतं. शिक्षा त्याचीच झाली.

'तुम्ही लीडर व्हा' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा

चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घेऊन घरी येणारे, कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरणारे, "त्याला तुमच्या आधी जेवू देऊ नका" सांगणारे ट्रेनर अजून खूप आहेत. माणसाने कुत्र्यावर वर्चस्व गाजवलं पाहिजे, या कल्पनेचं मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात आहे. ती निरीक्षणं एकमेकांना अनोळखी असलेल्या, कुंपणात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची होती. पुढे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांनी मोकळ्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास करून १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की जंगलातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. मारामारी करून 'अल्फा', म्हणजे टोळीचा म्होरक्या, होण्याचा प्रश्नच तिथे नसतो. आणि आपल्या सोफ्यावर झोपणारं कुत्रं लांडगाही नाही. दुखवून शिकवलेलं कुत्रं दबतं, पण दबलेलं कुत्रं दोरी सुटल्यावर तुमच्यापासून लांब जातं. हाकेसाठी नेमकं तेच नको असतं. वेल्सने वीजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० मध्येच बंदी घातली. आपल्याकडे ते ऑनलाइन सहज मिळतात. घेऊ नका.

आठव्या महिन्यात सगळं विसरलं तर

विसरलं नाही, वयात आलं. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की साधारण आठव्या महिन्यात कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं पाचव्या महिन्यापेक्षा कमी ऐकतात, आणि अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. या काळात हाक नवी शोधू नका, आवाज चढवू नका. दोरी पुन्हा लावा, दोन टप्पे मागे या, खाऊ वाढवा. काही महिन्यांत हे निवळतं, पण या काळात हाक वाया घालवली तर निवळल्यावरही ती परत मिळत नाही.

दोरी कधी काढायची

एकदम नाही. बंदिस्त जागेत, वेगवेगळ्या आमिषांसमोर, कुत्रं पहिल्या हाकेला सातत्याने येऊ लागलं की दोरी हातातून सोडून जमिनीवर ओढत जाऊ द्या. मग दर आठवड्याला तिचा मीटरभर तुकडा कापत जा. शेवटी हार्नेसला वीतभर दोरी उरते. तीही काही दिवस राहू द्या, पाठीवरचं वजन अचानक गेलं की कुत्र्याला तेवढं बरोबर कळतं. खाऊ मात्र पूर्ण बंद कधीच करू नका. कधी एक तुकडा, कधी पाच, कधी नुसतं "जा", पण आल्याचं काहीतरी मिळालंच पाहिजे.

आणि इतकं सगळं जमल्यावरही काही ठिकाणी पट्टा काढायचा नाही: वाहता रस्ता, भटक्या कुत्र्यांची वस्ती असलेली गल्ली किंवा समुद्रकिनारा, बिबट्याचा वावर असलेला डोंगराचा पायथा, आणि दिवाळीचे दिवस. फटाक्याने घाबरलेल्या कुत्र्याच्या कानापर्यंत कुठलीच हाक पोचत नाही. त्या आठवड्यात हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना वेगळा पट्टा लावा आणि अंधार पडायच्या आत फिरवून आणा.