योम किप्पूरची माफी: कशी मागावी आणि वर्षभर कशी टिकवावी

योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. उपास जमतो, सिनगॉगला (ज्यू प्रार्थनामंदिरात) जाणंही जमतं. घोडं अडतं ते माणसांपाशी. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाच्या ‘योमा’ भागात स्पष्ट सांगितलंय: देवाशी केलेल्या चुकांची भरपाई योम किप्पूरने होते, माणसाशी केलेल्या चुकांची होत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. २५ तास पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी हा हिशेब तसाच राहतो.

१. ज्यू पंचांगातला एलुल महिना लागला की आपल्या चुकांची यादी करायला घ्या. त्याचे २९ दिवस आणि पुढच्या तिश्री महिन्याचे पहिले दहा (दहावा योम किप्पूरचा) हातात असतात. ‘मी रागीट आहे’ असं लिहू नका. कोण, कधी, काय केलं, एवढंच लिहा.

२. घेतलेले पैसे, वस्तू आधी परत करा.

३. आता माफी. इथेच बहुतेकांचं चुकतं. सणाच्या आदल्या दिवशी ‘कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा’ असा एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. त्यात चूक कुठली ते नाही, माणूस कोण तेही नाही, आणि ‘असेल तर’ म्हणून तीही नाकारलेली. ज्याला खरंच लागलंय, त्याला हा मेसेज वाचून आणखी राग येतो.

समोर जा, निदान फोन करा. चूक नेमकी कोणती ते सांगा: ‘मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी तुला कामचुकार म्हणालो. ते खोटं होतं.’ मग गप्प बसा. ‘पण तूही फाइल उशिरा दिलीस’ हे वाक्य तोंडातून निघालं की माफी संपली, भांडण सुरू. चारचौघांत अपमान केला असेल तर त्याच चारचौघांत शब्द मागे घ्या. खाजगीत मागितलेली माफी तिथे अपुरी पडते.

पाठीमागे निंदा केली आणि त्याला पत्ताच नाही, तर? यावर रब्बींमध्ये (ज्यू धर्मगुरूंमध्ये) मतभेद आहेत. निंदेवर ग्रंथ लिहिणारे रब्बी हाफेत्झ हाईम माफी मागायलाच लावतात. रब्बी इस्रायल सालांतर म्हणत, सांगून नवं दुःख देऊ नका. सालांतर यांचं म्हणणंच धरावं. मात्र ज्यांच्या कानावर ते घातलं, त्यांच्याकडे जाऊन दुरुस्त करायलाच हवं.

४. समोरच्याने नाही म्हटलं, तर मध्ययुगातला ज्यू विद्वान मायमोनिडीस याचा नियम पाळा: तिघांना सोबत घेऊन पुन्हा जा, असं तीन वेळा. त्यानंतर सोडून द्या. दुखावलेले आपले गुरू असतील, तर मात्र ही मर्यादा नाही.

५. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी कोकणातले बेने इस्रायल ज्यू शिळा सण पाळत. दानधर्म, मित्रांकडे जाणं-येणं असे. राहिलेल्या भेटी त्या दिवशी उरकाव्यात.

६. तिश्रीनंतरच्या हेश्वान महिन्यात एकही सण नाही. खरी परीक्षा तेव्हाच होते. मायमोनिडीसच्या मते, तोच प्रसंग पुन्हा आला, तीच चूक करणं हातात होतं आणि केली नाही, तरच पश्चात्ताप पुरा झाला. म्हणून यादीतली एकच चूक निवडा. महिनाअखेरची मीटिंग परत येणार, फाइल परत उशिरा मिळणार. तेव्हा काय बोलायचं ते आधीच लिहून ठेवा. दर शुक्रवारी शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतिदिनाचे) दिवे लावण्याआधी यादी उघडा. आठवड्यात कुणाला नव्याने दुखावलं असेल, तर फोन तेव्हाच करा, पुढच्या एलुलवर ढकलू नका.