अकरा मिनिटांचा भाग: सररिअल (स्वप्नासारखी अतर्क्य) कार्टून मालिकेची संहिता कशी लिहावी

या प्रकारच्या मालिकेचा एक भाग साधारण ११ मिनिटांचा असतो. अमेरिकन वाहिन्यांवर पाव तासातून जाहिराती वजा केल्या की तेवढंच उरतं. एवढ्या वेळात उपकथानक मावत नाही आणि पात्रांची ओळख करून द्यायलाही सवड नसते. म्हणून संहितेला हात घालण्याआधी मालिकेचं जग पक्कं करावं लागतं. खरी मेहनत तिथेच आहे, विनोद नंतर येतात.

शिकण्यासाठी सगळ्यात उपयोगी मालिका माझ्या मते ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’. १५ एप्रिल १९९४ रोजी ती कार्टून नेटवर्कवर सुरू झाली. माइक लाझो यांची कल्पना अशी होती की हॅना-बार्बेराचा १९६६ सालचा अंतराळवीर आता मुलाखतींचा कार्यक्रम चालवतो आणि त्याचे जुने शत्रू शिक्षा म्हणून त्याच्याकडेच नोकरीला आहेत. झोराक नावाचा माणसाएवढा प्रार्थनाकीटक वाद्यं वाजवतो, मोल्टार कंट्रोल रूममध्ये बसून कार्यक्रम चालवतो. पाहुणे मात्र हाडामांसाचे, सेटवरच्या टीव्हीच्या पडद्यात दिसणारे. पैसा थोडा असल्यामुळे जुन्या मालिकेतलीच चित्रं कापून पुन्हा पुन्हा वापरली जात. अटलांटातल्या या लेखकांमधूनच पुढे ‘ॲक्वा टीन हंगर फोर्स’ ही मालिका आली आणि २ सप्टेंबर २००१ ला सुरू झालेल्या ॲडल्ट स्विमचा, म्हणजे कार्टून नेटवर्कवरच्या रात्रीच्या प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांचा, सूर ठरला.

लिहिण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जगात अशक्य गोष्ट एकच ठेवा. उदाहरणासाठी एक टपाल कचेरी घेऊ. पोस्टमास्तर ज्वालामुखी आहे आणि कारकून गोगलगाय. अशक्य तेवढंच. बाकी हजेरीपुस्तक, रजेचा अर्ज, शिक्का, साहेबांची सही हे सगळं जसंच्या तसं. ज्वालामुखी खुर्चीत कसा मावतो हे कुणी विचारत नाही. एका जरी पात्राने आश्चर्य दाखवलं तरी प्रेक्षक त्या जगाच्या बाहेर उभा राहून बघायला लागतो आणि मग त्याला परत आत आणता येत नाही.

प्रत्येक पात्राची हाव एका ओळीत लिहा, आणि ती क्षुद्र असू द्या. स्पेस घोस्टला आपण थोर सूत्रसंचालक आहोत हे लोकांनी मान्य करायला हवं असतं. झोराकला त्याची फजिती हवी असते. मोल्टारला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. या तीन ओळींवर शंभराच्या आसपास भाग उभे राहिले. आपल्या कचेरीत ज्वालामुखीला टेबलफॅन हवा आहे आणि गोगलगायीला पाचला घरी पोचायचं आहे, त्यासाठी तिला सकाळी दहालाच निघावं लागतं. ‘जग वाचवायचं आहे’ असली हाव घेतलीत तर पुढचं कथानक प्रेक्षक आपोआप ओळखतो. पंख्याच्या मंजुरीचं पुढे काय होईल हे त्याला सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट नवे लेखक हमखास टाळतात: भाग संपल्यावर जग पुसलं जातं की सगळं आठवणीत राहतं? ‘सीलॅब २०२१’मध्ये समुद्रातलं केंद्र कितीतरी भागांच्या शेवटी स्फोटात उडतं आणि पुढच्या भागात धडधाकट असतं. ‘ॲक्वा टीन’मधला शेजारी कार्ल वारंवार मरतो आणि परत येतो. ‘ॲडव्हेंचर टाइम’ने उलटा रस्ता धरला. त्यातला नायक फिन वयाच्या १२व्या वर्षापासून खरोखर मोठा होत जातो. राजकन्या पळवणारा आइस किंग सुरुवातीला निव्वळ हास्यास्पद खलनायक वाटतो; डोक्यावरच्या मुकुटाने वेडा केलेला तो एक अभ्यासू माणूस होता, हे मालिका सुरू होऊन दीड-दोन वर्षांनी उलगडतं. दोन्ही पद्धती चालतात. मात्र आठवण ठेवायची असेल तर पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा: कोणाचं काय तुटलं, कोण कोणाला काय बोललं, कोणती गोष्ट मुद्दाम अर्धवट सोडली. पुसायचं असेल तर शेवटचा विनाश मोठा असू द्या. किरकोळ नुकसान पुढच्या भागात नाहीसं झालं तर ती चूक वाटते, पूर्ण कचेरी वितळून परत उभी राहिली तर तो नियम वाटतो.

घटनांची साखळी

अशा मालिकेत काहीही घडू शकतं, हा समज सगळ्यात जास्त संहिता बिघडवतो. पंखा येतो, तो गाणं म्हणू लागतो, त्याचा ऑक्टोपस होतो, ऑक्टोपस खिडकीतून उडून जातो. यातल्या कुठल्याच पायरीवर प्रेक्षकाला पुढचा अंदाज बांधता येत नाही, आणि अंदाजच नसेल तर धक्का कशाचा बसणार? चौथ्या पायरीपर्यंत तो कंटाळलेला असतो.

आता तीच सामग्री कार्यकारणाने लावून बघा. ज्वालामुखी पंख्यासाठी अर्ज करतो. अर्ज न्यायचं काम गोगलगायीकडे. मंजुरी येईपर्यंत कचेरीतले लोक म्हातारे होतात. पंखा येतो, वाऱ्याने ज्वालामुखी आणखी भडकतो. टपाल जळतं. पंखा गरम हवा देतो अशी तो लेखी तक्रार करतो. तक्रारही जळते, म्हणून ती कधीच पोचत नाही, म्हणून पंखा कधीच बंद होत नाही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीमुळे घडली आहे आणि शेवट तरीही भलताच आहे. साखळी लिहिताना कागदाच्या डाव्या बाजूला प्रत्येक घटनेचं कारण लिहा. तिथे काहीच लिहिता येत नसेल तर ती घटना काढा, कितीही आवडती असली तरी.

वेळेची वाटणी ढोबळ ठेवावी. हाव पहिल्या ४५ सेकंदांत कळलीच पाहिजे. चौथ्या मिनिटापर्यंत पहिला प्रयत्न फसलेला असावा. सातव्याच्या आसपास जगाचा नियम पात्रावर उलटावा. शेवटच्या दीड मिनिटात नवीन काही आणू नका. संहिता ११-१२ पानांच्या वर गेली तर कापा, आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावा. वाचन साडेआठ ते नऊ मिनिटांत संपलं पाहिजे, कारण उरलेला वेळ शांतता खाते.

संवाद आणि शांतता

वाक्यं छोटी, भाषा रोजच्या कामाची, आणि आवाजात विनोदाची चाहूलही नको.

ज्वालामुखी : पंख्याचा अर्ज कुठवर आला?
गोगलगाय : दारापर्यंत.
ज्वालामुखी : कोणत्या?
गोगलगाय : या.
(तीन सेकंद. दोघं दाराकडे बघतात. दार चार फुटांवर आहे.)
ज्वालामुखी : चांगला वेग आहे.

शेवटची ओळ मनापासून दिलेली शाबासकी आहे. तिला टोमण्याचा सूर दिलात तर हा साहेब-कारकुनाचा नेहमीचा प्रवेश होऊन बसेल. नट टोमण्याकडे आपोआप झुकतो, म्हणून ओळीशेजारी ‘कौतुकाने’ असं स्पष्ट लिहून ठेवा.

शांततेची लांबी संहितेत सेकंदांत लिहावी. नुसतं ‘पॉज’ लिहिलं की एडिटर तो आपल्या सवयीने अर्ध्या सेकंदाचा करतो. अर्धा सेकंद हा बोलण्यातला साधा श्वास. दीड सेकंदात पात्र विचार करतंय असं वाटतं. तीन सेकंदांत अवघडलेपण येतं. पाचच्या पुढे शांतता हाच स्वतंत्र विनोद होतो आणि तो अर्धवट सोडता येत नाही. १९९९ सालच्या एका भागात स्पेस घोस्ट मुलाखत सोडून एका मुंगीच्या मागे निघतो आणि मिनिटांमागून मिनिटं नुसता चालत राहतो. आधी हसू येतं, मग कंटाळा, मग संताप, आणि त्याच्याही पुढे गेलं की परत हसू. ते दुसरं हसू गाठायची हिंमत नसेल तर अशी जागा दोन सेकंदांतच संपवा. वीस सेकंदांवर थांबलात तर हातात फक्त कंटाळा उरतो. आणि अशी जागा एका हंगामात एकदाच.

खऱ्या पाहुण्याची मुलाखत वाकवणं

‘स्पेस घोस्ट’ने दिलेलं सगळ्यात मोठं तंत्र हेच आहे, आणि घरच्या घरीही ते करून बघता येतं. पाहुण्याला वेगळं बसवून त्याची मुलाखत चित्रित करायची आणि कार्टूनमधल्या सूत्रसंचालकाचे प्रश्न नंतर लिहायचे.

चित्रीकरणात अर्धे प्रश्न सरळ विचारा, अर्धे विचित्र. सुरुवात विचित्र प्रश्नाने केली तर पाहुणा सावध होतो आणि स्वतःच विनोद करू लागतो. असं फुटेज फारसं उपयोगी पडत नाही, कारण विनोद पाहुण्याने करायचा नसतो. प्रश्न संपल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका. पाणी पिणं, घड्याळ बघणं, ‘झालं का?’ असं विचारणं, हे सोनं तिथेच मिळतं. खोलीतला नुसता शांत आवाज ३० सेकंद वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. कापलेल्या उत्तरांमधल्या फटी त्यानेच भरायच्या असतात. तो नसेल तर प्रत्येक कट कानाला टोचतो.

मग सगळं टाइमकोडसह (कोणत्या सेकंदाला काय, या नोंदीसह) उतरवा, ‘हं’ आणि खोकल्यासकट. उत्तरांचे गट पाडा: होकार-नकार, गोंधळ, हसू, गप्प बसणं, लांबलेल्या गोष्टी. आता उत्तर समोर ठेवून प्रश्न लिहा. उत्तर नव्या प्रश्नाला व्याकरणाने आणि तर्काने तंतोतंत बसलं पाहिजे. लहानपणाबद्दल बोलताना पाहुणा म्हणाला असेल, ‘आमच्याकडे तेव्हा चार होते, आता एकच उरलाय,’ तर सूत्रसंचालक आधी विचारतो, ‘तुम्हाला हात किती?’ प्रश्न ओढूनताणून बसवलेला वाटला तर उत्तर बदला, प्रश्न ताणू नका.

एक मर्यादा कडक पाळा. पाहुण्याच्या तोंडी कुणा खऱ्या माणसावरचा आरोप, राजकीय मत किंवा खरं वाटेल असं विधान जाता कामा नये. संमतीपत्रात ‘प्रश्न बदलून उत्तरं नव्याने जोडली जातील’ हे वाक्य सरळ शब्दांत असावं.

चित्रं मोजून लिहिणं

जुनी किंवा मोजकीच चित्रं वापरायची असतील तर आधी शॉटची यादी करा: बसलेला, उभा, डावीकडे वळणारा, बोट दाखवणारा, उडून जाणारा. तीस-चाळीस शॉट पुरतात. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि संहितेत तोच क्रमांक लिहा. यादीत नसलेली कृती पडद्याबाहेर घडवा, आवाज ऐकवा आणि दुसऱ्या पात्राचा चेहरा दाखवा. ‘तो कप उचलून चहा पितो’ हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण बोटं, कप, ओठ असं सगळं नव्याने काढावं लागतं. ‘भुरका ऐकू येतो, गोगलगाय नजर वळवते’ यात एक जुना शॉट आणि एक आवाज, आणि प्रवेशही जास्त मजेशीर होतो.

याउलट ‘ॲडव्हेंचर टाइम’सारख्या मालिकेत लेखकांच्या खोलीतून दोन-तीन पानांची आउटलाइनच बाहेर पडते. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रवेशागणिक कच्ची चित्रं, काढणाऱ्या दोघा चित्रकारांना भाग अर्धा अर्धा वाटून देतात आणि संवाद तेच लिहितात. अशा ठिकाणी आउटलाइनमध्ये संवाद कोंबू नका. प्रत्येक प्रवेशात कोणाला काय हवं आणि शेवटी काय बदललं, एवढं द्या. दोन अर्ध्यांचा सांधा कुठे येतो ते मात्र नेमकं ठरवा: सांध्याच्या क्षणी कोणाच्या हातात काय आहे, कोण कुठे उभं आहे. नाहीतर दुसऱ्या अर्ध्यात पंखा आपोआप भिंतीवर गेलेला असतो.

मूळ चौकट अडू लागली तर ती सोडायलाही तयार राहा. ‘ॲक्वा टीन’मधली पात्रं सुरुवातीला गुन्ह्यांचा तपास करत. पहिल्या काही भागांतच तपास गळून पडला आणि एका घरात भांडणारे तिघे आणि वैतागलेला शेजारी एवढंच उरलं. प्रत्येक भागाची पहिली दोन मिनिटं चौकट समजावण्यात जात असतील, तर निकामी झालेली ती चौकटच आहे.

रेकॉर्डिंगला जाताना प्रत्येक ओळीला क्रमांक द्या आणि ज्या आठ-दहा ओळींवर भाग उभा आहे त्यांचे दोन-दोन पर्याय सोबत न्या. ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजासह जोडलेल्या कच्च्या चित्रांची फिल्म, तयार झाला की पहिल्यांदा संहिता हातात न घेता, या भागाबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या एका माणसाला शेजारी बसवून बघा. त्याची नजर पडद्यावरून जिथे हलेल तो सेकंद लिहून ठेवा. कात्री त्या जागेवर चालवण्याआधी तिच्या मागचा प्रवेश तपासा, कारण लांबलेला बहुतेक वेळा तोच असतो.