लेखकाचा कल कसा ओळखावा? हातात पेन्सिल, समोर मे १९३०

लेखक कुणाच्या बाजूला झुकलाय हे बघायचे असेल, तर तो खोटे बोलतोय का हे शोधत बसू नका. झुकलेला लेखक बहुतेकदा खरेच लिहितो. कोणते खरे आधी सांगायचे, कोणते शेवटी आणि कोणते गाळायचे, एवढेच त्याने ठरवलेले असते. सरावाला आपल्या सोलापूरचाच प्रसंग घेऊ.

घटना थोडक्यात अशी. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. पुढच्या धुमश्चक्रीत काही पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस गावाचा कारभार कार्यकर्त्यांनी सांभाळला. १२ मे रोजी मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले.

आता या विषयावरचे कुठलेही दोन लेख घ्या. एकदा सरळ वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घ्या.

आधी नामांना गोल करा

इंग्रज सरकारच्या लेखी ही दंगल होती, आपल्याकडे तेच ‘चार दिवसांचे स्वातंत्र्य’ झाले. रस्त्यावरच्या माणसांना लेखक काय म्हणतो, तेही बघा: जमाव, लोक, सत्याग्रही की गुंड? गोल केलेल्या शब्दाच्या जागी समोरच्या बाजूचा शब्द ठेवून वाक्य पुन्हा वाचा. वाक्य कानाला खटकले, तर त्या एका शब्दावर लेखाचा बराच भार आहे असे समजा.

मग क्रियापदाला विचारा, ‘कुणी?’

मराठीत कर्ता गायब करणे फार सोपे. ‘गोळीबार झाला’, ‘लाठीमार करण्यात आला’, ‘काचा फुटल्या’. एखाद-दुसरे वाक्य असे असणारच, कारण कधी कधी कर्ता खरोखर ठाऊक नसतो. पण एकाच बाजूचा कर्ता दर वेळी गळत असेल, तर समासात खूण करा. बोलण्याची क्रियापदेही तपासा. एक माणूस ‘सांगतो’, दुसरा ‘दावा करतो’, तिसरा ‘कबूल करतो’. तिघांचे वाक्य एकच असले, तरी तिसरा आधीच आरोपी झालेला असतो.

‘तो’ की ‘ते’?

ही खूण आपल्या भाषेची खास देणगी. एकाच बातमीत आमदार ‘म्हणाले’ आणि यंत्रमाग कामगार ‘म्हणाला’ असे दिसले की थांबा. लेखकाने मुद्दाम केले असेल असे नाही. बऱ्याचदा हात आपोआप तसा वळतो. पण नकळत वळलेला हातच जास्त सांगून जातो, असे मला वाटते.

गोष्ट कुठून सुरू होते?

१९३० ची गोष्ट गांधीजींच्या अटकेपासून सुरू केली, तर लोकांचा राग समजतो. तीच पोलिसांच्या हत्येपासून सुरू केली, तर मार्शल लॉ समजतो. तारखा दोन्हीकडे बरोबरच असतात.

कोण बोलतच नाही?

इथे जवळचे उदाहरण बघू. १५ जून २०२३ रोजी, विमानांच्या वाटेत येते म्हणून, सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. (बाहेरगावच्या माणसाला वाटावे, सोलापूरकर एका पाखरावरून एवढे भांडले की काय!) त्या वादावरचा लेख वाचताना कोणाकोणाचे म्हणणे आले, त्यांची यादी करा. ऊस घालणारा शेतकरी आहे का? कारखान्याचा कामगार? विमानाची वाट बघणारा व्यापारी? नुसता ‘विमानसेवेतला अडथळा’ लिहिणाऱ्याने शेतकरी गाळला असेल, नुसता ‘शेतकऱ्यांचा कारखाना’ लिहिणाऱ्याने प्रवासी. गाळलेली माणसे कागदावर नसतात, म्हणून ही पायरी सगळ्यांत अवघड. आपण स्वतः त्या गावचे नसलो तर आणखीच.

लेखकाचे नाव शेवटी बघा

लेखक कोण, कुठल्या पक्षाचा, कुणाच्या पगारावर, हे आधी बघा असे बरेच जण सांगतात. मी उलटे सांगेन. आपल्याकडे आडनाव वाचले की जात, पक्ष आणि अख्खा लेख आपणच मनात लिहून मोकळे होतो. मग सापडतो तो कल आपला, लेखकाचा नाही. खुणा आधी करा, नाव नंतर वाचा. आणि कल सापडला म्हणून लेख केराच्या टोपलीत टाकू नका. झुकलेला माणूसही बरोबर असू शकतो. त्याने गाळलेले तेवढे दुसरीकडून मिळवा.

आता तीच पेन्सिल घेऊन वर माझ्या ‘घटना थोडक्यात’ या परिच्छेदाकडे जा. मी सोलापूरचा, फाशी गेलेल्या त्या चौघांच्या पुतळ्यांसमोरून जात-येत वाढलेला. सुरुवात मी अटकेपासून केली. ते चौघे माझ्या लेखी ‘फासावर गेले’, त्यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा आरोप होता हे मात्र लिहायचे राहिले. गोळ्या पोलिसांनी झाडल्या, असे मी स्पष्ट लिहिले. पोलीस कुणी मारले, त्याचा पत्ता नाही. आणि कोर्ट तर आपले आपणच पेटले.