मूच, बम, लोफ: टाइमपास आणि फुकटेपणाचं इंग्रजी कसं वापरायचं

इंग्रजी सिरीज बघताना मूच, बम, स्पंज असले शब्द सारखे कानावर पडतात आणि डिक्शनरी उघडावी तर एकाच शब्दापुढे ‘भटकणे’ पण आणि ‘फुकट उकळणे’ पण, मग नक्की धरायचं काय? तर क्रियापद जरा बाजूला ठेवा, आधी त्याच्या मागे काय चिकटलंय ते बघा. अराउंड किंवा अबाउट दिसलं की बहुतेक वेळा नुसतं उंडारणं चाललंय, आणि ऑफ आलं नि ऑफच्या पुढे माणूस आला की कोणाच्या तरी जिवावर मजा चाललीये.

म्हणजे ‘आय वॉज मूचिंग अराउंड’ म्हटलं तर इकडून तिकडे उगाच फिरत होतो, काही काम नव्हतं, एवढंच. हे ब्रिटिश लोकांच्या तोंडी जास्त. पण ‘ही मूचेस ऑफ हिज ब्रदर’ म्हटलं की भाऊ कमावतोय आणि हे साहेब आयते खातायत, हा जास्त करून अमेरिकन वापर. बमचंही तसंच, ‘बम अराउंड युरोप’ म्हणजे प्लॅनबिन काही नाही, जमेल तसं भटकायचं, आणि ‘कॅन आय बम अ सिगरेट ऑफ यू’ म्हणजे एक दे ना यार, परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस. हे दोन अर्थ एकमेकांपासून तसे लांब नाहीतच, अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये १८६४ साली उत्तरेकडच्या बाजूचा सेनापती शर्मन याचं सैन्य जॉर्जियातून जाताना जे सैनिक आजूबाजूला हिंडून धान्य, जनावरं उचलून आणायचे त्यांना बमर्सच म्हणायचे, हिंडणं पण आलं आणि उचलणं पण.

आता गोची कुठे होते तर ऑफच्या पुढे माणूसच नसतो तेव्हा. गूफ ऑफ, स्लॅक ऑफ, यात कोणाचं काही खाल्लेलं नाही, हा कामचुकारपणा झाला. आणि ‘स्क्राउंज अराउंड’मध्ये अराउंड असूनही भटकंती नाही, काहीतरी मिळवायला केलेली शोधाशोध आहे. हे दोन पाठच करून टाका.

दुसरी गोष्ट, कोणाबद्दल बोलताय? माझ्या मते खरी मेख इथेच आहे. स्वतःबद्दल बोलताना हेच शब्द गोड लागतात, ‘कॅन आय कॅज अ लिफ्ट’ यात आपण फुकट मागतोय हे आपणच हसत कबूल करतो म्हणून समोरचा पण हसून गाडीत बसवतो. दुसऱ्याला मात्र मूचर, स्पंजर, फ्रीलोडर म्हणालात तर तो सरळसरळ ‘फुकट्या’ झाला, मस्करीतही जपून.

टाइमपासवाल्या शब्दांत पॉटर अबाउट सगळ्यात निरुपद्रवी, घरात-बागेत बारीकसारीक काहीतरी करत राहायचं, अमेरिकेत त्याला पटर म्हणतात. फॅफ अबाउट म्हणजे टंगळमंगळ, निघायची वेळ झाली तरी हा अजून चार्जर शोधतोय, मोजे बदलतोय, परत आरशासमोर. डॉडल म्हणजे रेंगाळणं, ट्रेप्स म्हणजे पाय ओढत वणवण. लॉइटरला मात्र संशयाचा वास आहे, ‘नो लॉइटरिंग’च्या पाट्या असतात त्या उगाच घुटमळणाऱ्यांना हाकलायलाच, त्यामुळे मित्राबरोबर मस्त भटकलात तर तिथे हँग आउट वापरा. आणि लोफर! मराठीत तो थेट मवाली, इंग्रजीत नुसता आळशी, आणि आजकाल तर लोफर्स म्हटलं की लोकांना आधी बूटच आठवतात, म्हणून लोफ अराउंड हे क्रियापदच वापरलेलं बरं.

ब्रिटिश माणसासमोर नुसतं ‘बम’ हे नाम टाळा, तिथे त्याचा अर्थ ढुंगण. ऑफिसच्या मेलमध्ये तर यातलं काहीच नको, तिथे गपगुमान ‘कुड आय बॉरो’ लिहायचं.