कानाच्या मशीनमध्ये वाऱ्याचा घोंघाट होतो तेव्हा

कानामागे बसणाऱ्या मशीनचे माइक कानाच्या वरच्या कडेला, अगदी उघड्यावर असतात. वारा त्या बारीक छिद्रांवर आपटून भोवरे तयार होतात आणि माइक त्यांनाच आवाज समजतो. म्हणून एसटीच्या खिडकीशी किंवा चौपाटीवर शेजारच्याचं बोलणं त्या घरघरीत बुडून जातं. आवाज कमी करून फारसं साधत नाही, कारण बोलणंही तेवढंच खाली जातं.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे पातळ सुती ओढणी किंवा विणलेला हेडबँड. कापड माइकवरून सैलसर जाऊ द्या. घट्ट बांधलं तर घासल्याची खरखर येते, जाड कानटोपीने मशीनमधून शिट्टी वाजते. माइकच्या छिद्रावर चिकटपट्टी किंवा कापूस मात्र कधीच लावू नका. मशीनवर चढवायची कापडी खोळही मिळते. मापाचीच घ्या आणि पावसात भिजली की लगेच काढा, नाहीतर ओल आत राहते.

समोरचंच ऐकणारा, म्हणजे डायरेक्शनल मोड वाऱ्यात उलटा त्रास देतो: दोन माइकांवरची घरघर एकमेकींना कापत नाही, उलट वाढते. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, चहूबाजूंचं ऐकणारा, वारा दाबणारा वेगळा 'बाहेरचा' प्रोग्रॅम बसवून घ्या आणि तो बटणावर ठेवायला सांगा. गप्पा मारताना डोकं थोडं वळवून पाहा. काही कोनांत घरघर बरीच उतरते. नवं मशीन घेणार असाल आणि रोज उघड्यावर वावर असेल, तर कानाच्या नळीत बसणारं मशीन तुमच्या श्रवणदोषाला चालेल का, हे जरूर विचारा.