जुनी डच निसर्गरेखाटने: चित्रकार कसा ठरवतात आणि पान कसे विकतात

द हेगमध्ये जुनी रेखाटने विकणाऱ्या एका दुकानात मी कामाला लागलो, तेव्हा शैली ओळखता आली की चित्रकार ओळखता येतो अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच हिवाळ्यात मोडली. नदीकाठची झोपडी, दोन होड्या आणि भरून आलेले आभाळ काळ्या खडूने काढून त्यावर राखाडी वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा हात) दिलेले एक पान आले. कोपऱ्यात ‘व्ही’ आणि ‘जी’ ही आद्याक्षरे आणि १६५३ हे साल होते. डच निसर्गचित्रकार यान व्हान गोयेनची (१५९६–१६५६) त्या एकाच वर्षाची पुष्कळ रेखाटने उपलब्ध आहेत, हे मला पाठ असल्याने मी वर्णनपत्रकात बेधडक त्याचे नाव लिहून टाकले. मालकांनी पत्रक वाचले आणि काही न बोलता भिंग माझ्या हाती दिले. कोपऱ्यात कधीतरी घडी पडून कागदाचा वरचा थर उडाला होता. चित्रातल्या नदीकाठाची रेष तिथे तुटली होती, कारण कागदाबरोबर खडूही गेला होता. ‘५’ या अंकाचा खडू मात्र त्या चरीत उतरून बसला होता. म्हणजे घडी आधीची आणि साल मागाहून कोणीतरी घातलेले. हार्लेमचा चित्रकार पीटर मोलेनही खडू आणि वॉश याच पद्धतीने काम करी, पण त्याचे नाव देण्याइतकाही पुरावा नव्हता. ते पान ‘गोयेनचा अनुयायी’ एवढ्याच वर्णनाने विकले गेले.

तेव्हापासून मी पान आधी उलटे करून पाहतो. उजेडासमोर धरल्यावर हाताने बनवलेल्या जुन्या कागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात, आणि नशीब असेल तर विदूषकाच्या टोपीचे किंवा ॲमस्टरडॅमच्या मानचिन्हाचे जलचिन्हही. अशा रेषा नसलेला एकसंध कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बनतच नव्हता, त्यामुळे तो दिसला की सतराव्या शतकाचा प्रश्न निकालात निघतो. पण रेषा दिसल्या म्हणजे रेखाटन जुनेच, असे मात्र म्हणता येत नाही: जुन्या वह्यांतली कोरी पाने नकलाकारांनाही मिळत असत. मागच्या बाजूला संग्राहकांचे शिक्के असतात. ते ओळखण्यासाठी फ्रिट्स लुग्टने १९२१ साली प्रसिद्ध केलेली सूची आजही पहिला आधार आहे. त्यानंतर द हेगच्याच आरकेडी या कलेतिहास संस्थेतील छायाचित्रे आणि गोयेनसाठी हान्स-उलरिख बेकने केलेली त्याच्या कामांची सूची, असा क्रम ठेवावा. शैलीवर मत द्यायचे ते त्यानंतर.

नवशिक्याला हमखास फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अठराव्या शतकातील कॉर्नेलिस प्लूस व्हान आम्स्टेलने जुन्या रेखाटनांबरहुकूम छापलेली चित्रे. ती इतकी सुरेख आहेत की मला आजही त्यांचा राग येत नाही. भिंगाखाली खरा खडू कागदाच्या उंचवट्यांवर दाण्यादाण्याने अडकलेला दिसतो. छापात तसे दिसत नाही.

विक्रीत खरा व्यवहार वर्णनातील शब्दांचा असतो. थेट चित्रकाराचे नाव, ‘बहुधा त्याचे’, ‘त्याच्या वर्तुळातील’, ‘अनुयायी’ आणि ‘त्याच्या पद्धतीचे’ या प्रत्येक पायरीला किंमत झपाट्याने उतरते, आणि म्हणूनच एक पायरी वर चढण्याचा मोह होतो. माझ्या मते शंका असेल तर खालची पायरी लिहावी. दोन जाणकार ग्राहक चढाओढीला उतरले तर किंमत आपोआप वर जाते. फिकट पडलेला वॉश, काळवंडलेला शिशाचा पांढरा रंग, मागचे डिंकाचे डाग हे सगळे ग्राहकाने विचारण्याआधीच लिहून द्यावे.

पन्नास वर्षांहून जुने आणि १५,००० युरोंहून अधिक किमतीचे रेखाटन युरोपीय संघाबाहेर न्यायचे तर निर्यात परवाना लागतो, आणि ब्रिटन संघातून बाहेर पडल्यापासून लंडनही त्यात आले. परवाना हाती येण्याआधी मी एका ग्राहकाला पान पोहोचवण्याची तारीख देऊन बसलो होतो. ती उलटून गेली तरी पान आमच्याच कपाटात होते, आणि त्याला रोज फोन करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.